जीवरसायन नोट्समधून नको, मूळ शोधनिबंधांतून शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रामीण भागातल्या विज्ञान महाविद्यालयांची चर्चा निघाली की ती फिरून फिरून उपकरणांपाशी येते. स्पेक्ट्रोफोटोमीटर बंद, सेंट्रिफ्यूज दुरुस्तीला, रसायनांना पैसे नाहीत. तक्रार खोटी नाही. पण बी.एस्सी.च्या जीवरसायनशास्त्रात जो भाग सगळ्यात वाईट शिकवला जातो, त्याला फारसे उपकरण लागतच नाही. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ही तीन वाक्ये कोणताही विद्यार्थी झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवील. हे कळले कसे, एवढे विचारा. वर्ग चिडीचूप होतो. आणि हा वर्ग असतो धारणी, पांढरकवडा, कोरची अशा भागांतून आलेल्या मुलामुलींचा, ज्यांच्या गावात ‘एएस पॅटर्न’ (सिकलसेलचा वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (सिकलसेलचा रुग्ण) हे शब्द आशाताईंच्या तोंडून घरोघरी पोचलेले आहेत.

आमची सूचना साधी आहे. जीवरसायनाचा पहिला पेपर हिमोग्लोबिनवरच्या सहा-सात मूळ शोधनिबंधांवर बेतावा आणि ते निबंध गटांत बसून वाचावेत. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात हॅरॉल्ड व्हाइट यांनी प्राथमिक जीवरसायनाचा वर्ग याच पद्धतीने चालवला. विदर्भात तर हा विषय परका नाहीच. सिकलसेलचे गुण आपल्याकडे आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत आहेत, आणि मध्य भारतातल्या सिकलसेल गुणावर शुक्ला व सोळंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच आला होता. जे पाठ करवून घेतले जाते त्याचा शोध कसा लागला हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते?

सुरुवात जॉर्ज स्टोक्स यांच्या १८६४ च्या निबंधाने करावी. रॉयल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमधली ही जेमतेम दहा पाने. त्यात ‘हिमोग्लोबिन’ हा शब्दच नाही. स्टोक्स रक्तातल्या रंगद्रव्याला ‘क्रुओरिन’ म्हणतात, एक शेंदरी आणि एक जांभळे. शब्द अनोळखी असल्यामुळे पाठांतराचा उपयोग होत नाही आणि हुशार-कच्चे सगळे एका रेषेवर येतात. फेरस सल्फेटला ते ‘प्रोटोसल्फेट ऑफ आयर्न’ म्हणतात. तरंगलांबीचे आकडे नाहीत. त्याऐवजी सूर्याच्या वर्णपटातल्या डी आणि ई या काळ्या रेषांच्या मध्ये रक्ताचे दोन काळे पट्टे दिसतात असे वर्णन आहे. डी रेषा म्हणजे सोडियमची, ५८९ नॅनोमीटर. ई सुमारे ५२७. एवढे शिक्षकाने सांगावे, बाकीचे गटाने काढावे.

हा निबंध नुसता वाचू नये, करून पाहावा. बाजारातून बोकडाचे ताजे रक्त आणताना बाटलीत आधीच ३.८ टक्के सोडियम सायट्रेट टाकून न्यावे, ९ भाग रक्ताला १ भाग. ते विसरले तर वाटेतच गाठ होते आणि हाती नुसता पिवळसर रस उरतो. रक्त १ मि.लि. घेऊन १०० मि.लि. पाण्यात मिसळावे, साध्या पाण्यात पेशी फुटतात आणि द्रावण गढूळ न राहता पारदर्शक होते. सलाईनमध्ये मिसळले तर पेशी शाबूत राहतात, उजेड विखुरतो आणि पट्टे दिसत नाहीत. दुसऱ्या भांड्यात रक्तातला ऑक्सिजन ओढून घेणारे द्रावण करावे: २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि ३ ग्रॅम टार्टारिक आम्ल १०० मि.लि. पाण्यात विरघळवावे आणि वापरण्याच्या वेळी, आधी नाही, त्यातले थोडे घेऊन अमोनिया थेंबथेंब घालावा. पहिल्यांदा साका येईल, तो विरघळला की थांबावे. टार्टारिक आम्ल घातले नाही तर लोखंड हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसते. ते आम्ल कशासाठी, हा प्रश्न गटासमोर ठेवायला उत्तम.

संत्र्याच्या बागेत पाने पिवळी पडली की फवारतात तेच हे फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, तालुक्याच्या कृषी केंद्रात मिळते. खडे फिकट हिरवे हवेत. पावसाळ्यात दमट हवा लागून ते तांबूस-पिवळे झाले असतील तर फेरसचे फेरिक झाले असे समजा. त्याने ऑक्सिजन ओढला जाणार नाही आणि ‘स्टोक्सचा प्रयोग येत नाही’ असा शेरा जर्नलमध्ये पडेल.

आता १० मि.लि. पातळ रक्तात हे द्रावण अर्धा मि.लि. टाकून नळी स्थिर ठेवा. शेंदरी रंग जांभळट होतो. नळीचे तोंड दाबून जोरात हलवा, हवा मिसळते, शेंदरी परत येतो. ठेवून द्या, पुन्हा जांभळा. दोन-तीन वेळा हे होते आणि मग थांबते, कारण फेरस लोखंड संपते. ते किती वेळा व्हावे याचा हिशेब पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्सिजनवरून मांडता येतो. ज्या गटाने तो आपण होऊन मांडला त्याला बाकी काही विचारू नये. ‘रगत तेच हाये, फकत हवा काढून घेतली त्याची’ असे एखाद्याने वऱ्हाडीत म्हटले की निबंधाचा गाभा हाती आला. ते वाक्य फळ्यावर तसेच लिहावे, शुद्ध करत बसू नये.

पट्टे पाहायला वर्णपटदर्शक हवा. बुटाचा खोका, जुन्या सीडीचा तुकडा आणि दाढीचे ब्लेड मोडून समोरासमोर चिकटवलेल्या दोन धारा, एवढ्यात तो होतो. सीडीवरच्या रेघा १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, त्या जाळीचे काम करतात. फट पाव मिलिमीटरपेक्षा रुंद झाली की पट्टे पुसट होतात. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मीठ धरून पिवळी डी रेषा कुठे पडते ते खोक्यावर पेन्सिलीने खुणून ठेवावे. मोठी चूक होते ती उजेडात. ट्यूबलाइट किंवा सीएफएल वापरला तर पाऱ्याच्या ठळक रेषा ५४६ आणि ५७७-५७९ नॅनोमीटरला, म्हणजे नेमक्या रक्ताच्या पट्ट्यांच्या (५४१ आणि ५७७) आसपास येतात आणि काही कळत नाही. साधा पिवळा बल्ब, पांढरा एलईडी किंवा दिवसाचा उजेड घ्यावा. दुसरी चूक रक्त दाट ठेवण्याची. वीसपट पाण्यात केलेल्या द्रावणात दोन पट्टे एकमेकांत मिसळून एकच रुंद पट्टा दिसतो आणि विद्यार्थी ऑक्सिजन निघाला असे लिहून मोकळा होतो. खरा जांभळ्या अवस्थेतला पट्टा ५५५ च्या आसपास, मऊ कडांचा आणि आधीच्या दोन पट्ट्यांमधल्या उजेडी जागेत येतो. रक्त दोन दिवसांचे असेल तर तपकिरी मेथिमोग्लोबिन तयार होऊन तांबड्या भागात, ६३० ला, वेगळाच पट्टा दिसतो.

माणसाचे रक्त या कामाला अजिबात वापरू नये, विद्यार्थ्याचे तर नाहीच. ज्यांना बोकडाच्या रक्ताला हात लावायचा नाही त्यांनी वर्णपट पाहावा आणि नोंदी ठेवाव्यात, सक्ती करू नये. उरलेले रक्त ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मगच मोरीत सोडावे.

पुढचे दोन निबंध पूर्ण वाचायची गरज नाही, आकडे पुरेसे आहेत. झिनोफ्स्की यांनी १८८० च्या दशकात घोड्याच्या हिमोग्लोबिनमध्ये ०.३३५ टक्के लोखंड मोजले. एका रेणूत लोखंडाचा निदान एक अणू असणार, म्हणजे रेणुभार कमीत कमी किती? अर्धा वर्ग ५५.८५ ला ०.३३५ ने भागतो आणि १६७ उत्तर काढतो, म्हणजे ग्लुकोजपेक्षाही लहान हिमोग्लोबिन. शिक्षकाने गप्प राहावे. शेजारचा गट हसला की चूक सापडते. टक्के शंभरावर असतात, उत्तर १६,७०० च्या आसपास. मग केंब्रिजच्या अडेर यांनी १९२५ मध्ये ऑस्मोटिक दाबावरून काढलेला ६७,००० हा आकडा द्यावा. लिटरला १० ग्रॅम द्रावणाचा शून्य अंश तापमानाला दाब १६,७०० धरून १०.२ मिलिमीटर पारा यायला हवा, ६७,००० धरून फक्त अडीच. भागाकार चार येतो. ‘चार साखळ्या’ या पाठ केलेल्या वाक्याचा पहिला पुरावा हा, आणि तोही साखळी म्हणजे काय हे कुणाला माहीत नसताना मिळालेला. बोर, हासेलबाल्ख आणि क्रोग यांच्या १९०४ च्या निबंधातला, कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते हे दाखवणारा आलेख एका तासिकेत होतो. मूळ जर्मन आहे, आलेखाला भाषा लागत नाही.

शेमिन आणि रिटेनबर्ग यांच्या १९४६ च्या निबंधावर मात्र घाई करू नये. शेमिन यांनी जड नायट्रोजन घातलेले ग्लायसीन, एकूण ६६ ग्रॅम, तीन दिवसांत स्वतः खाल्ले आणि पुढे कितीतरी महिने स्वतःच्या रक्तातल्या हीममध्ये (हिमोग्लोबिनचा लोखंड धरणारा भाग) तो नायट्रोजन किती आहे ते मोजत राहिले. आलेख आधी चढतो, मग बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि नंतर घसरतो. सरासरी आयुष्य निघाले १२७ दिवस. आलेख दाखवण्याआधी प्रत्येक गटाला त्याचा अंदाजी आकार काढायला सांगावा. बहुतेक जण चढ आणि लगेच उतार काढतात, कारण पेशी रोज थोड्याथोड्या, वय न पाहता मरतात असे त्यांनी न बोलता धरलेले असते. सपाट भाग का, हा प्रश्न तिथे उभा राहतो. एकाच आठवड्यात पेरलेले सोयाबीन एकदमच कापणीला येते, मधल्या काळात शेतातली झाडे मोजली तर आकडा तोच राहतो. पेशींचे तसेच आहे. हे उदाहरण शिक्षकाने आधी देऊन टाकले तर मजा गेली. हीम तुटल्यावर त्यातला नायट्रोजन पुन्हा नव्या हीममध्ये वापरला जात असता तर आलेख कसा दिसला असता, हे घरी विचार करायला द्यावे.

मग सिकलसेल. शिकागोच्या हेरिक यांनी १९१० साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद केली. हान आणि गिलेस्पी यांनी १९२७ मध्ये दाखवले की ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकड्या होतात आणि ऑक्सिजन दिला की सरळ. इथे स्टोक्सची नळी आठवली पाहिजे. न आठवल्यास आठवण करून द्यावी, पण एकदाच.

पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांचा नोव्हेंबर १९४९ चा ‘सायन्स’मधला निबंध सहा पानांचा आहे आणि त्यावर निदान चार तासिका द्याव्यात. पहिली अडचण आकृत्यांची. मुलांनी पुस्तकात जेलवरचे पट्टे पाहिलेले असतात. इथे जेल नाही. वीज सोडली की नळीतल्या द्रावणात प्रथिनाची सीमा सरकते (हेच इलेक्ट्रोफोरेसिस) आणि आकृतीतले उंचवटे म्हणजे जिथे प्रथिनाचे प्रमाण एकदम बदलते ती जागा. हे समजावून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर उंचवट्याला प्रत्येक गट वेगळे नाव देतो.

दुसरी अडचण सामूची, म्हणजे पीएचची. सातबारा असलेल्या घरातल्या मुलांना माती परीक्षणाच्या कार्डावरचा सामू माहीत असतो, तिथून सुरुवात करावी. निबंधात कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या साध्या हिमोग्लोबिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या सामूला प्रथिनावर एकूण भार शून्य असतो तो) ६.८७ आणि सिकल हिमोग्लोबिनचा ७.०९ दिला आहे. वहीत साडेसहापासून साडेसातपर्यंत एक आडवी रेघ काढा, हे दोन आकडे तिच्यावर मांडा आणि विचारा: सामू ७ असताना कोणावर कोणता भार? हमखास येणारे उत्तर, ‘सात म्हणजे न्यूट्रल, म्हणून दोघांवरही भार नाही.’ न्यूट्रल पाणी आणि न्यूट्रल प्रथिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका रेघेवर जेवढे पक्के होते तेवढे चार व्याख्यानांत होत नाही. ६.८७ वाल्यासाठी ७ हा सामू जास्त, म्हणून ऋण भार, ७.०९ वाल्यासाठी कमी, म्हणून धन. एकाच नळीत दोन हिमोग्लोबिने विरुद्ध दिशांना निघतात. फरक किती? लेखकांचा अंदाज आहे सिकल रेणूवर दोन ते चार धनभार जास्त. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला सांगावे, तो पुढे लागतो.

तिसरा मुद्दा वाहकांचा. एएस असलेल्यांच्या रक्तात दोन्ही उंचवटे दिसले. पण ती तिसऱ्याच प्रकारची हिमोग्लोबिन असू शकत नाही का? लेखकांनी साधे आणि सिकल हिमोग्लोबिन निम्मे-निम्मे मिसळून तीही आकृती शेजारी छापली आहे. शंका घेणाऱ्या गटाने ती आकृती स्वतः शोधावी. त्याच वर्षी नील यांनी आई-वडील दोघांची रक्ते पाहून आनुवंशिकतेचा निष्कर्ष काढला होता. दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक. ‘चार मुले झाली की एक आजारी’ असा याचा अर्थ गावात घेतला जातो आणि वर्गातही घेतला जातो, तो तिथेच मोडावा.

कार्बन मोनॉक्साइड कशाला जोडले, हा प्रश्न परीक्षेलाही चांगला. तो वायू हिमोग्लोबिनला घट्ट धरतो, त्यामुळे नमुना टिकतो आणि तपकिरी होत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे दगावतात, त्यामागे हीच घट्ट पकड आहे. स्टोक्सचे द्रावण अशा रक्तात टाकले तर रंग बदलत नाही.

यानंतर इन्ग्रम यांचे ‘नेचर’मधले १९५६ आणि १९५७ चे दोन निबंध, दोन्ही अगदी छोटे. ट्रिप्सिन हे विकर लायसिन आणि आर्जिनिननंतर साखळी तोडते. रेणूत ही अमिनो आम्ले साठच्या आसपास, म्हणजे तुकडेही तेवढे पडावेत. कागदावर डाग मात्र तिसाच्या आसपास. निम्मे गेले कुठे? रेणूचे दोन अर्धे सारखे असल्यामुळे डाग एकावर एक पडतात. एका दिशेने इलेक्ट्रोफोरेसिस, दुसऱ्या दिशेने क्रोमॅटोग्राफी (द्रावक कागदावर चढवून तुकडे वेगळे करणे), मग डाग रंगवून दाखवणारे निनहायड्रिन. एकच डाग जागेवरून सरकलेला, क्रमांक ४ चा. वर्गात हे कात्रीने होते. कागदाच्या पट्टीवर व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक, ग्लुटामिक, लायसिन अशी आठ नावे लिहा आणि दुसऱ्या पट्टीवर पहिल्या ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन. दोन्हींवरचे भार मोजा. पट्टीच्या दोन टोकांचे भार धरायला विसरणे ही नेहमीची चूक. फरक एका ऋणभाराचा येतो. बीटा साखळ्या दोन, म्हणजे संपूर्ण रेणूवर फरक दोनाचा. आता वहीचा कोपरा उघडायला सांगा. पॉलिंग यांचा आकडा दोन ते चार होता. या क्षणी शिक्षकाने बोलू नये. १९५७ च्या निबंधात दिलेला त्या तुकड्यातल्या अमिनो आम्लांचा क्रम पुढे दुरुस्त करावा लागला, ग्लुटामिकऐवजी व्हॅलिन हा निष्कर्ष मात्र टिकला. छापलेले सगळेच बरोबर नसते आणि एक चूक निघाली म्हणून सगळे खोटेही ठरत नाही, हेही मुलांना इथे दिसते.

शेवटी अ‍ॅलिसन, ब्रिटिश मेडिकल जर्नल, १९५४. युगांडातल्या २९० मुलांपैकी सिकल गुण असलेल्या ४३ पैकी १२ जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले, नसलेल्या २४७ पैकी ११३ जणांच्या. मलेरियाने वर्षानुवर्षे त्रस्त असलेल्या गडचिरोलीच्या मुलांना हा तक्ता कशाचा आहे हे सांगावे लागत नाही. काय-वर्ग चाचणी कॅल्क्युलेटरवर करून घ्यावी: ४.७५ येते, येट्सची दुरुस्ती घातली तर ४.०५, फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे म्हणायला लागणारी ३.८४ ही सीमा दोन्ही वेळा ओलांडते, पण फार नाही. त्याच निबंधात प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम मलेरियाची लागण केली आहे: गुण नसलेल्या १५ पैकी १४ जणांना झाली, असलेल्या १५ पैकी दोघांना. असा प्रयोग आज करू देतील का, त्या वेळी करायला हवा होता का, यावर वाद होऊ द्यावा आणि गुण कुणालाही देऊ नयेत.

हे झाल्यावर आरोग्य केंद्रातली सिकलसेलची सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी म्हणजे काय, हे मुले स्वतःच सांगू शकतात. सॅपोनिनने पेशी फुटतात, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेते (स्टोक्सच्या हिराकसाचेच काम), दाट फॉस्फेट द्रावणात ऑक्सिजन नसलेले सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. एएस आणि एसएस दोन्हींत गढूळ, म्हणून दोन्ही वेगळे ओळखायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी यंत्रावरची तपासणी) लागतेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने चाचणी फसते. पंडुरोग तीव्र असेल तर हिमोग्लोबिनच अपुरे पडून नळी स्वच्छ दिसते. नुकतेच रक्त चढवले असेल तरी उत्तरावर भरवसा नाही. आणि डायथायोनाइटची डबी पावसाळ्यात उघडी राहिली तर सिकल रक्तही स्वच्छच दिसेल. रोज सकाळी एक माहीत असलेला पॉझिटिव्ह नमुना का लावायचा, ते यावरून कळते.

आता गटांविषयी. चार किंवा पाच जण, सहावा आला की तो गप्प बसतो. गट सत्रभर तेच ठेवावेत आणि शक्यतो एकाच एसटीने येणारे एकत्र घालावेत. कॉलेज सुटल्यावर थांबून चर्चा करा असे सांगणे खेड्यातून येणाऱ्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत फोल आहे. त्यामुळे चर्चा वर्गातच व्हायला हवी. ४८ मिनिटांची तासिका अपुरी पडते, दोन जोडून घ्याव्यात. पहिली दहा मिनिटे फक्त पहिले दोन परिच्छेद, मनात वाचायचे. मग फळ्यावर तीन रकाने: कळले, शंका, शोधून आणायचे. तिसऱ्या रकान्यातला एकेक प्रश्न एकेकाने घ्यायचा आणि पुढच्या वेळी वही न बघता गटाला सांगायचा. चर्चा मराठीत, वऱ्हाडीत, गोंडीत, कोरकूत, काय जमेल त्यात. निबंध मात्र इंग्रजीच राहू द्यावा, सोबत वीस-पंचवीस शब्दांचे अर्थ द्यावेत. पूर्ण भाषांतर दिले की मूळ निबंध बाजूला पडतो आणि भाषांतराच्या नोट्स तयार होतात. मोबाइलवरून तयार सारांश आणणे आता कुणी थांबवू शकणार नाही. त्यावर उपाय एकच: प्रश्न आकृतीवर विचारावा. ‘पॉलिंग यांच्या निबंधात काय आहे’ याला सारांश चालतो, ‘सामू ६.६ ला या दोन सीमा कुठे जातील ते काढून दाखवा’ याला चालत नाही.

फसते ते बहुतेक वेळा शिक्षकामुळे. वर्गात पहिली शांतता पसरली की तो खडू उचलतो आणि व्याख्यान सुरू होते. गटाने विचारलेला प्रश्न आधी शेजारच्या गटाकडे पाठवावा, दोघांनाही नाही जमला तरच तोंड उघडावे. साठ जणांचा वर्ग एकट्याला झेपत नाही. तिथे आदल्या वर्षी हेच शिकलेले विद्यार्थी एकेका गटाजवळ बसवावेत, उत्तर सांगायचे नाही या अटीवर.

एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. वर्गात एएस किंवा एसएस असलेले कुणीतरी असण्याची शक्यता आपल्याकडे मोठी आहे. ‘तुमच्यापैकी कुणाला आहे’ असे विचारू नये, वर्गात तपासणी ठेवू नये, आकडेवारीसाठी घरच्यांचे पॅटर्न लिहून मागू नयेत. मुलीचे लग्न त्या एका कागदावरून मोडते. कुणी आपणहून बोलले तर ऐकावे आणि तपासणीसाठी आरोग्य केंद्राचा रस्ता दाखवावा.

खर्चाचे म्हणाल तर सगळे निबंध मिळून चाळीसेक पानांची झेरॉक्स होते. ब्रिटिश मेडिकल जर्नलचे जुने अंक पबमेड सेंट्रलवर फुकट आहेत, स्टोक्सचा निबंधही मोफत मिळतो. अडचण गुणांची आहे. लेखी परीक्षेत ‘सिकलसेलवर टीप लिहा’ असाच प्रश्न येणार असेल तर हे सगळे वाचायला कोण बसेल? म्हणून अमरावती, नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना आमची विनंती आहे: दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा असा एक पेपर मान्य करा; अंतर्गत गुणांपैकी निम्मे एकट्याने लिहिलेल्या उत्तराला आणि निम्मे त्याच प्रश्नावर गटाने लगेच नंतर लिहिलेल्या उत्तराला द्या; आणि लेखी परीक्षेत निबंधातली एक न पाहिलेली आकृती छापून तिच्यावर प्रश्न विचारा. एकट्याची उत्तरपत्रिका आधी गोळा करून मगच गटाची वाटावी. दोन्ही एकदम दिल्या तर हुशाराची वही चौघांत फिरते.

आपले,
जीवरसायनशास्त्र शिकवणारे काही प्राध्यापक,
जि. यवतमाळ